धोंडा कुठाय? धडा वाचणाऱ्या पण गोष्ट सांगू न शकणाऱ्या पोरांसाठी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका सरकारी मराठी शाळेत तुम्ही अतिथी शिक्षिका आहात, चौथी-पाचवी एकाच खोलीत. पोरं धडा घडाघडा वाचतात, खालच्या प्रश्नांची उत्तरंही बरोबर लिहितात. पण पुस्तक मिटून "आता गोष्ट सांग" म्हटलं की एकतर पहिलं वाक्य पाठ म्हणून गप्प होतात, नाहीतर "मग... मग... मग..." करत भलतीकडंच जातात. प्रशिक्षणात 'कथेचे घटक शिकवा' म्हणून सांगितलं, तुम्ही तक्ता लावला, फरक पडला नाही.

तक्ता आधी उतरवा. हे मी अनुभवानं सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही पुठ्ठ्यावर सुंदर तक्ता केला होता: पात्रे, स्थळ, समस्या, प्रयत्न, शेवट, प्रत्येकाला वेगळा रंग. महिन्याभरात पोरांना तक्ता तोंडपाठ. तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं, पोरांनी एका सुरात पाच घटक म्हटले, साहेब खूष. जाता जाता त्यांनी सहज एकाला विचारलं, "मग कालची गोष्ट काय होती रे?" तो पोरगा तक्त्याकडं बघत राहिला. मी पोरांना पाढा शिकवला होता, गोष्ट नाही.

धड्याखालची उत्तरं बरोबर येतात याच्यावरही विसंबू नका. एक खेळ करून बघा. फळ्यावर लिहा: 'टिपर्डा झुंबळाशी बसून कुरमट खात होता.' आता विचारा, टिपर्डा कुठं बसला होता? सगळा वर्ग ओरडेल, "झुंबळाशी!" काय खात होता? "कुरमट!" पैकीच्या पैकी मार्क, आणि कुणालाच काही कळलेलं नाही. आपले 'एका वाक्यात उत्तरे लिहा', 'रिकाम्या जागा भरा', 'कोण कोणास म्हणाले' यातले बरेचसे प्रश्न याच जातीचे असतात. वाक्य शोधायचं, प्रश्नातला शब्द काढायचा, उरलेलं लिहायचं. पोरं हुशार असतात, ही युक्ती त्यांना दुसरीतच सापडते.

तेव्हा पहिल्यांदा अडलंय कुठं ते बघा. एक छोटी गोष्ट त्याला स्वतः वाचायला द्या आणि सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी तेवढीच दुसरी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि सांगायला लावा. ऐकलेली सांगता येते, वाचलेली येत नाही, तर त्याचा सगळा जीव अक्षरं लावण्यात जातोय. त्याला गोष्टीच्या रचनेपेक्षा वाचनाचा सराव जास्त पाहिजे. दोन्ही येत नसतील तर तिसरी पायरी: "घरात बोलतोस तसं सांग." आपल्याकडं ही पायरी फार मोलाची आहे. घरात कुणी बेळगावी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कोंकणी. पुस्तकातली 'म्हणाली, निघाली, पोहोचली' ही भाषा यांच्या घरात कुणीच बोलत नाही. घरच्या बोलीत गोष्ट नीट आली, तर त्याला गोष्ट समजलेली आहे. भाषा नंतर येईल.

आणि बहुतेक पोरांना गोष्टीची रचना आधीपासून येत असते. हे मला एका चौथीतल्या पोरानं दाखवलं. धड्यातली गोष्ट त्याला दोन वाक्यांच्या पुढं कधी सांगता आली नाही. एके दिवशी उशिरा आला, कारण विचारलं तर म्हणाला:

"आमच्या काकाच्या शेतात गवे आल्ते की बाई. भात कापणीला आलाय, म्हणून काका राखणीला गेल्ता. माळ्यावर बसल्ता. रातीला गवे आले. काकानं डबा बडवला. जाईनात की! मग बॅटरी मारली. तरी जाईनात. मग फटाकडी लावली तर ते माळ्याकडंच आले. काका भ्याला, रातभर खालीच उतरला नाही. सकाळी बघतोय तर निम्मं भात तुडवल्यालं. म्हणून बाबा नि मी आता कुंपण घालायलोय, म्हणून उशीर झाला."

एकदा परत वाचा. कोण, कुठं, त्याला काय पाहिजे होतं, आडवं काय आलं, त्यानं काय काय केलं, त्यातलं काय फसलं, मनात काय आलं, शेवटी काय झालं. एकही गोष्ट सुटलेली नाही, आणि 'मग'च्या जोडीला 'म्हणून', 'तरी', 'तर' सगळे आलेत. हाच पोरगा धडा सांगताना मुका होत होता, कारण धडा ही 'सांगायची' वस्तू आहे असं त्याला कुणी कधी भासवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी रचना शिकवायची सुरुवात पुस्तकातून करणं सोडलं. पहिला आठवडा पोरांच्या स्वतःच्या गोष्टी: बस चुकली, म्हैस सुटली, यात्रेत हरवलो. त्यांच्याच गोष्टीत काय काय असतं ते त्यांना दाखवायचं, मग पुस्तक उघडायचं.

आता दाखवायचं कसं. मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. फरशीवर खडूनं एक वाट काढायची. एका टोकाला चिंचोका ठेवायचा, तो गोष्टीतला माणूस. दुसऱ्या टोकाला त्याला जे पाहिजे त्याचं चित्र. मधे बाहेरून उचलून आणलेला एक धोंडा. धोंड्याला वळसा घालायचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे खडूची एक कमान. प्रयत्न फसला की कमान परत फिरून धोंड्याच्या अलीकडंच येते. जमला की पलीकडं जाते. बस्स. 'समस्या' हा शब्दसुद्धा मी वापरत नाही. आमच्या वर्गात प्रश्न एकच: "धोंडा कुठाय?"

पण धोंड्याच्या आधी एक प्रश्न विचारायचाच, "चिंचोक्याला काय पाहिजे?" पोरं सगळ्यात जास्त इथंच चुकतात, आणि बरेच शिक्षकही. ते थेट अडचणीवर उडी मारतात. काय पाहिजे ते ठरल्याशिवाय धोंडा अडचण होतच नाही. वाटेवर न जाणाऱ्याला वाटेतल्या धोंड्याचं काय? 'मग-मग' सांगणाऱ्या पोराच्या डोक्यात घटना सुट्ट्या पडलेल्या असतात. माणसाला काय पाहिजे हे एकदा त्यात ओवलं की त्या आपोआप 'पण' नि 'म्हणून'नं जुळायला लागतात.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या, सगळ्यांना माहीत असते. म्हातारीला काय पाहिजे? पहिल्यांदा हमखास उत्तर येतं, "भोपळ्यात बसायला पाहिजे." लगेच चूक म्हणू नका. विचारा, घरातनं निघाली तेव्हा भोपळा होता का? नव्हता. मग कशाला निघाली? लेकीकडं जायला. हां, मग लेकीचं घर काढा त्या टोकाला. धोंडा कोण? वाघ. पहिली कमान काय? "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." वाघानं सोडलं, चिंचोका पोचला लेकीकडं.

इथं एका वर्षी एक पोरगी उठली, धोंडा उचलला आणि घरी परतायच्या वाटेवर नेऊन ठेवला. म्हणाली, "वाघ गेला न्हाई बाई. तो थांबलाय." मी पंधरा वर्षं ही गोष्ट सांगत होते, पण म्हातारीच्या त्या एका वाक्यानं वाघ टळत नाही, नुसता पुढं ढकलला जातो, हे इतकं स्वच्छ मलाही कधी दिसलं नव्हतं. वचन दिलं म्हणून वाघ थांबला, वाघ थांबला म्हणून भोपळा लागला. मग मी विचारलं, "म्हातारी खरंच वाघाच्या तोंडी जाणार होती का, का खोटं बोलली?" वर्गात दोन तट पडले, मारामारी व्हायची बाकी राहिली. याचं उत्तर धड्यात कुठल्याही वाक्यात छापलेलं नाही. ते मिळवायला अख्खी गोष्ट डोक्यात धरावी लागते. आकलन आकलन म्हणतात ते हेच.

या विषयावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, त्यातलं कामाचं तेवढं सांगते. फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली. अनोळखी तपशील गळत गेले, विचित्र वाटलेले बदलले. सील मारायला निघालेली माणसं काहींच्या सांगण्यात मासे धरायला गेली. म्हणजे आपण गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, डोक्यात आधी असलेल्या साच्यात बसवून पुन्हा बांधतो. तुमच्या पोरानं बर्फातल्या गोष्टीत पाऊस आणला, तर त्याला स्मरणशक्ती नाही असं म्हणू नका, त्याचा साचा खानापूरचा आहे. पुढं १९७९ मध्ये नॅन्सी स्टाईन आणि क्रिस्टिन ग्लेन यांनी गोष्टीतल्या एका प्रसंगाचे भाग पाडले, त्यात सुरुवातीची घटना आणि प्रयत्न यांच्या मधे 'पात्राच्या मनात काय आलं' याला वेगळी जागा दिली. नेमका हाच भाग पोरं सांगताना गाळतात. वाघ दिसला, लगेच म्हातारी बोलली. मधे ती घाबरली, तिनं विचार केला, हे कुठंच नाही. म्हणून मी धोंड्याशी पोचलं की चिंचोका हातात धरायला लावते आणि विचारते, "आता तुझ्या पोटात काय होतंय?"

आठवड्याचं म्हणाल तर एका आठवड्याला एकच गोष्ट. हावरटपणा करू नका. पहिल्या दिवशी वाचून दाखवायची आणि धोंड्यापाशी पुस्तक मिटायचं: पुढं काय करेल सांगा. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाचन आणि फरशीवरची वाट. तिसऱ्या दिवशी जोड्या करून सांगणं, सांगणाऱ्याच्या हातात चिंचोका, ऐकणारा फक्त "का?" आणि "मग तिनं काय केलं?" एवढंच विचारणार. चौथा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक शाळांत राहून जातो: ज्यानं गोष्ट ऐकलेली नाही अशा माणसाला सांगायची. मास्तरांना गोष्ट माहीत आहे हे पोराला ठाऊक असतं, मग तो सगळं कशाला सांगेल? तो अर्धं गिळतो. तुमच्या शाळेत नली-कलीचा, म्हणजे खेळत-खेळत शिकायचा, वर्ग असेल, पहिली ते तिसरी एकत्र. त्यांच्यात एकेक पोर पाठवून द्या. ती बारकी कुणाची भीड धरत नाहीत. "तो म्हंजे कोण रं? वाघ का म्हातारी?" असं तोंडावर विचारतात, आणि तुमचं पोर पुढच्या वेळी 'तो' म्हणायच्या आधी नाव घ्यायला शिकतं. आमच्याकडं बिसी ऊटा, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, रांधणाऱ्या मावशी सर्वांत उत्तम श्रोत्या होत्या, तांदूळ निवडता निवडता "आगं बया, मग?" म्हणायच्या, पोरं फुलायची.

भाषेबद्दल दोन बारकावे, ते इकडं पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकांना सुचणार नाहीत. कन्नडमध्ये प्राणी नपुंसकलिंगी, 'हुली बंतु'. त्यामुळं घरी कन्नड असलेलं पोर 'वाघ आलं, कोल्हा बोललं' म्हणतं. सांगत असताना मधेच "आलं नाही रे, आला" केलंत की त्याचा धागा तुटतो आणि तो पुन्हा पहिल्या वाक्यावर जातो. लिंगाचं काम दुसऱ्या तासाला करा. दुसरं, तुम्ही जर 'म्हणून' मोजून प्रगती बघणार असाल (मी एके काळी बघायचे) तर जपून. 'येतो म्हणून सांगितला' यातला 'म्हणून' आणि 'भूक लागली म्हणून निघाली' यातला 'म्हणून' वेगळे. पहिला नुसतं कुणाचं बोलणं सांगतो, आणि आपल्या पोरांच्या बोलण्यात तो पावलोपावली येतो. कारण सांगणारा दुसरा. एका मुलीचे आठ 'म्हणून' झाले म्हणून मी खूष झाले होते, नंतर बघते तर आठही पहिले!

पाचवीच्या पोरांना पुढची पायरी द्यायची असेल तर कन्नडच्या तासाला ऐकलेली पुण्यकोटी गाईची कथा घ्या. कन्नडच्या शिक्षकांना विश्वासात घ्या. एकाच गोष्टीवर दोन तासांत काम झालं तर पोरांना कळतं की वाट नि धोंडा कुठल्या एका भाषेच्या मालकीचे नाहीत. भुकेला वाघ गाईला अडवतो, ती वासराला पाजून परत येते म्हणून शब्द देते, वाघ सोडतो, ती खरोखर परत येते, आणि लाजून वाघच जीव देतो. आता विचारा धोंडा कुठाय. सगळे म्हणतील वाघ. बरं, वाघानं तर सोडलं, वाट मोकळी झाली, ती गोठ्यात पोचली. मग परत का गेली? इथं वर्ग शांत होतो. आमच्याकडं एकानं चिंचोक्यावरच एक बारका खडा ठेवला होता. धोंडा तिच्या आत आहे, तिनं दिलेला शब्द. म्हातारीनंही वाघाला शब्दच दिला होता, नाही का? दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडा आणि तुम्ही गप्प बसा. अर्धा तास पोरंच बोलतील. चौथीत मात्र हे ओढू नका, तिथं बाहेरचाच धोंडा पुरे.

तात्पर्याचा आजार आपल्याकडं जुना आहे. गोष्ट संपायच्या आत पोरगं हात वर करून "नेहमी खरे बोलावे" म्हणतं आणि खाली बसतं. तात्पर्य आलं की गोष्टीची गरजच संपते, त्याच्या लेखी. मी वर्षभर तात्पर्य विचारायचंच बंद केलं होतं. एका पालकानं तक्रारही केली, संस्कार होत नाहीत म्हणून. होतात, उशिरा होतात, असं सांगून वेळ मारून नेली.

आणि प्रत्येक धड्यावर धोंडा ठेवत सुटू नका. पाण्याचे उपयोग, पोस्टमनचं काम, भाज्यांची माहिती, यात कुणाला काही पाहिजे नसतं आणि कुणी आडवं येत नसतं. तिथं ही वाट चालत नाही, उगाच ओढाताण होते. चरित्राच्या धड्यांचंही जपून. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं, हे तिकडच्या पोरांना पुस्तकाच्या आधी माहीत असतं, त्याची समाधी तिथंच आहे. त्याला काय पाहिजे होतं आणि आडवं कोण होतं हे पोरं फटाफट सांगतात. पण शेवट 'कमान परत फिरली' असा काढायचा का पलीकडं गेली असा, यावर माझं स्वतःचंच अजून ठरलेलं नाही. अशा वेळी मी फरशीवर काही काढत नाही, नुसतं बोलतो आम्ही.

नोंदीचं तुम्ही विचारलंय. वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढं चारच खुणा करा: काय पाहिजे होतं ते सांगितलं का, धोंडा सांगितला का, एखादा तरी प्रयत्न कारणासकट सांगितला का, शेवट पहिल्या 'पाहिजे'शी जुळवला का. किती वाक्यं बोलला, किती शुद्ध बोलला, पुस्तकातले शब्द आले का, याला इथं जागा नाही. महिन्यातून एकदा अनोळखी गोष्ट द्या आणि त्याच चार खुणा करा, कारण पाठ झालेली गोष्ट कुणीही सांगेल. चौथी खूण सगळ्यात उशिरा येते, बऱ्याचदा दिवाळी उलटून गेल्यावर. आणि एकदा पोरं स्वतःहून "हितं धोंडाच न्हाई बाई, ही गोष्ट न्हवंच" म्हणायला लागली, की फरशीवरची वाट हळूहळू कमी करा. कागदावर, मग बोटांवर, मग नुसतं डोक्यात. काही पोरं पाचवीतही चिंचोका मागतात. द्या बापड्यांना.

फक्त चिंचोके मोजून कुलपात ठेवा. आमच्या शाळेत एकदा सोमवारी तीस होते, शुक्रवारी अकरा उरले. चुलीत भाजून खाल्ले होते, आणि भाजून देणाऱ्या त्याच मावशी, गोष्ट ऐकणाऱ्या.